निळ्या ओठांची मुले

निळा रंग आपल्याकडे देवाचा मानला आहे. राम-कृष्णांची चित्रे रंगविताना चितारी निळा रंग हाताशी घेतो, आणि घरातल्या सावळ्या पोराला आजी कौतुकाने 'माझा घननीळ' म्हणते. परंतु एखाद्या घरात असेही मूल जन्माला येते की, रडता रडता त्याचे ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे निळे पडतात, नखे निळी दिसतात, आणि चालू लागल्यावर चार पावले टाकून ते अंगणातच उकिडवे बसते. बाकीची पोरे पुढे पळतात. हे मात्र गुडघे पोटाशी घेऊन दम खात राहते. आईला वाटते, मूल अशक्त आहे. आजी म्हणते, दृष्ट लागली. या मुलाचे हृदय आईच्या पोटातच सदोष घडले आहे, हे पुष्कळदा दोघींनाही ठाऊक नसते.

ऐन दिवाळीच्या अंकात आजाराची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. या मुलांना होणारे एक दुखणे असे आहे की, त्याचे निदान पूर्वी मूल दगावल्यावर होत असे. पुढे ते मरणाच्या दारात होऊ लागले. आणि आता मूल घरात हिंडत-फिरत असतानाच ते करता येते. या पायऱ्या चढावयास माणसाला दीडशेहून अधिक वर्षे लागली. त्यांतली शेवटची पायरी इस्पितळात नसून घरात आहे, आणि पाऊल चुकते ते बहुधा तेथेच. म्हणून ही हकीकत घरोघर वाचल्या जाणाऱ्या अंकात सांगावीशी वाटली.

ते दुखणे म्हणजे मेंदूत होणारे गळू. हृदयाच्या दोषाचा आणि मेंदूतल्या पुवाचा संबंध काय, हे समजण्यासाठी आधी हृदयाची घडण थोडी पाहिली पाहिजे.

हृदय म्हणजे मधल्या भिंतीने विभागलेले एक जोडघर. उजव्या बिऱ्हाडात अंगभर फिरून काळवंडलेले रक्त येते. तेथून ते फुफ्फुसांत जाते, प्राणवायू घेऊन लाल होते आणि डाव्या बिऱ्हाडात परतते. डावे बिऱ्हाड ते महारोहिणीवाटे साऱ्या देहाला पोचते करते. दर हजार बालकांत सुमारे आठ-नऊ बालके या घराच्या बांधणीत काही ना काही उणीव घेऊन जन्मतात. त्यांतल्या पुष्कळांची उणीव किरकोळ असते. काहींच्या बाबतीत मात्र मधल्या भिंतीला मोठे भोक असते आणि फुफ्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असते. मग काळे रक्त अडलेल्या वाटेने जाण्याऐवजी भोकातून थेट डावीकडे शिरते आणि लाल रक्तात मिसळून अंगभर जाते. ओठांवर दिसणारा निळा रंग तो हाच.

परंतु रंग बदलणे ही त्यातली लहान हानी. फुफ्फुसे रक्ताला प्राणवायू देतात, तशीच ती रक्त गाळूनही घेतात. दात किडला, घसा आला, अंगावर पुळी उठली की थोडेफार जंतू रक्तात शिरतातच. निरोगी माणसात ते जंतू फुफ्फुसांतल्या केसाहून बारीक वाहिन्यांत अडकतात आणि तेथेच त्यांचा निकाल लागतो. पिठात आलेला खडा चाळणीत राहावा, तसे हे आहे. निळ्या मुलाच्या रक्ताचा एक मोठा हिस्सा या चाळणीला वळसा घालून जातो. शिवाय प्राणवायू कमी पडतो म्हणून शरीर तांबड्या पेशी वाजवीपेक्षा अधिक तयार करते. रक्त काकवीसारखे दाट होते आणि मेंदूतल्या नाजूक वाहिन्यांतून सावकाश सरकते. तेथे एखादा कण रक्तावाचून मरगळला की चाळणी चुकवून आलेल्या जंतूला आयती जागा मिळते. काही दिवसांत तो भाग सुजतो, मऊ पडतो, आणि सुमारे दोन आठवड्यांत त्याच्याभोवती पक्के आवरण तयार होते. आत पू, बाहेर आवरण, आणि त्याच्याबाहेर कवटीचे न फुगणारे हाड.

आज इतक्या सोप्या रीतीने सांगता येणारी ही गोष्ट उलगडावयास फार काळ गेला.

निळ्या हृदयाची पहिली चाहूल सतराव्या शतकातली आहे. १६७१ च्या सुमारास डेन्मार्कच्या निल्स स्टेन्सेनने एका मृत अर्भकाच्या हृदयात हे दोष एकत्र पाहिले. पुढे १७७७ साली हॉलंडमधल्या लायडेनच्या सँडिफोर्ट नावाच्या प्राध्यापकाने अशाच एका निळ्या मुलाच्या हृदयाचे सविस्तर वर्णन केले. तरीही या सर्व विद्वानांचे लक्ष हृदयावर खिळलेले होते. अशा मुलाच्या हृदयाबरोबर त्याच्या डोक्यातही काही बिघडते, ही नोंद १८१४ साली लंडनच्या जॉन रिचर्ड फार यांनी केली. पुढे मूरफील्ड्स या नावाने प्रसिद्धीस आलेल्या नेत्ररुग्णालयाच्या उभारणीत ज्यांचा हात होता, तेच हे फार. हृदयाच्या जन्मजात व्यंगांवर त्यांनी एक ग्रंथ लिहिला आणि त्यात सदोष हृदय व मेंदूतले गळू ही जोडी प्रथमच कागदावर आली.

फार यांच्याजवळ साधने तरी काय होती? छातीला लावावयाची नळीसुद्धा अजून निघाली नव्हती. ती फ्रान्समधल्या लेनेक यांनी १८१६ साली शोधली. डॉक्टरांनी कान छातीला टेकवावा, नाडी पाहावी, आणि मूल गेल्यावर आईबापांनी परवानगी दिली तर शवविच्छेदन करावे. ही पहिली पायरी. ज्ञान झाले, परंतु ज्याच्यामुळे झाले त्याला त्याचा उपयोग नव्हता.

दुसरी पायरी स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात बांधली गेली, आणि तिची हकीकत चटका लावणारी आहे. १८७६ साली तेथील विल्यम मॅकइवेन या शस्त्रवैद्याकडे एक मुलगा आला. हा मुलगा हृदयरोगी नव्हता. त्याच्या डोक्याला डाव्या भुवईपाशी मार लागला होता. पुढे ताप आला, अंगाच्या उजव्या बाजूला आकडी येऊ लागली आणि वाचा बसली. माणसाच्या बोलण्याचे केंद्र मेंदूच्या डाव्या बाजूस पुढच्या भागात असते, हे पॅरिसच्या ब्रोका यांनी १८६१ साली दाखवून दिले होते. मॅकइवेन यांनी त्या ज्ञानाचा धागा पकडला. उजवे अंग झटके देते आणि मूल बोलत नाही, त्याअर्थी पू डाव्या बाजूस, अमुकच जागी असला पाहिजे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. क्ष-किरणांचा शोध अद्याप एकोणीस वर्षे दूर होता. केवळ पाहून आणि विचार करून काढलेले हे निदान. त्यांनी घरच्या मंडळींना सांगितले की, कवटीला छिद्र पाडून पू काढू द्या.

मंडळींनी नकार दिला. त्यांना दोष कसा द्यावा? वरून काही दिसत नसता मुलाच्या डोक्याला भोक पाडू देण्यास कोणता बाप त्या काळी तयार झाला असता? मुलगा गेला. मग मात्र घरच्यांनी परवानगी दिली. मॅकइवेन यांनी मुलगा जिवंत असता जसे केले असते, तसेच आणि त्याच जागी कवटीला छिद्र पाडले. पू नेमका तेथेच होता.

या प्रसंगानंतर मॅकइवेन थांबले नाहीत. १८९३ साली त्यांनी मेंदूतल्या पुवाच्या रोगांवर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मेंदूतल्या गळवावर शस्त्रक्रिया केलेल्या त्यांच्या एकोणीस रोग्यांपैकी अठरा बरे झाले. पेनिसिलीन नाही, क्ष-किरण नाहीत, रक्त चढविण्याची सोय नाही, अशा दिवसांतला हा आकडा आहे. त्यांतली बहुतेक गळवी कानाच्या जुन्या दुखण्यातून उद्भवलेली होती. कान फुटला की त्याच्या शेजारी पू शोधावा, ही वाट तरी तेथे ठरलेली असते.

निळ्या मुलांच्या बाबतीत हीच वाट सापडत नव्हती. जंतू रक्तातून येत असल्यामुळे गळू मेंदूत कोठेही, आणि पुष्कळदा खोलवर, होऊ शकते. कधी एकाच वेळी दोन-तीनही होतात. वाटेचे कोडे जर्मनीच्या कोन्हाइम यांनी १८७७ साली सोडविले. हृदयाच्या भिंतीला भोक असले तर नीलेतला गोळा फुफ्फुसात न अडकता थेट मेंदूच्या रोहिणीत जाऊ शकतो, हे त्यांनी दाखविले. १८८८ साली फ्रान्सच्या मार्सेय शहरातील आर्थर फालो यांनी निळ्या रोगातले चार दोष नेमके मांडले: भिंतीचे भोक, फुफ्फुसाकडची अरुंद वाट, भोकावर सरकलेली महारोहिणी आणि उजव्या कप्प्याची जाड झालेली भिंत. या चौकडीला फालो यांचे नाव कॅनडातल्या मॉड ॲबट या विदुषीने १९२४ साली दिले. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाने स्त्री म्हणून ज्यांना वैद्यकीच्या वर्गात घेतले नाही, त्याच ॲबटबाईंनी पुढे तेथल्या संग्रहालयात बसून सदोष हृदयांच्या नोंदी जमविल्या आणि १९३६ साली एक हजार नोंदींच्या आधारे आपला चित्रसंग्रह छापला.

तरीही निळ्या मुलाच्या आईला सांगण्यासारखे डॉक्टरांजवळ काही नव्हते. तो दिवस उजाडला २९ नोव्हेंबर १९४४ रोजी, अमेरिकेतल्या बाल्टिमोर येथे. हेलन टॉसिग या बालहृदयरोगतज्ज्ञ बाईंना ऐकू कमी येत असे. म्हणून त्या मुलांच्या छातीवर हात ठेवून हृदयाची थरथर बोटांनी वाचीत. फुफ्फुसांना रक्त कमी पडते, तर त्यांच्याकडे दुसरी वाट काढून देता येणार नाही का, हा प्रश्न त्यांनी शस्त्रवैद्य आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्यापुढे ठेवला. प्रयोगशाळेत कुत्र्यांवर ती वाट सिद्ध केली व्हिव्हियन थॉमस या काळ्या वर्णाच्या सहायकाने. डॉक्टर होण्यासाठी साठविलेले थॉमस यांचे पैसे बँक बुडाल्यामुळे गेले होते आणि त्यांचे शिक्षण शाळेपाशीच थांबले होते. पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी ते ब्लेलॉक यांच्या मागे उभे राहून टाके कसे घालावयाचे ते सांगत होते. पंधरा महिन्यांच्या त्या मुलीचे वजन जेमतेम चार किलो होते. तिला आयुष्य फार लाभले नाही. पण तिच्यामागून आलेली शेकडो निळी मुले गुलाबी होऊन घरी गेली.

येथे एक विपरीत गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. निळ्या मुलांत मेंदूचे गळू दोन वर्षांच्या आत सहसा होत नाही. ते त्यापुढच्या वयात होते. जी मुले पूर्वी पाळण्यातच जात, ती आता शाळेत जाऊ लागली आणि गळवाच्या वयात येऊन पोचली. नवी वाट मिळाली तरी हृदयाच्या भिंतीचे भोक तसेच होते आणि चाळणी चुकविणारे रक्तही तसेच. भोक बुजवून चौकडीची पुरती दुरुस्ती १९५४ साली मिनेसोटात लिलिहाय यांनी प्रथम केली. त्यासाठी मुलाचे रक्त शस्त्रक्रियेपुरते दुसऱ्या माणसाच्या देहाला नळ्यांनी जोडून फिरवावे लागले. ती सोय जगभर पसरावयास आणखी कितीतरी वर्षे जावी लागली.

दरम्यान पेनिसिलीन आले. तरीही मृत्यू म्हणावे तसे घटले नाहीत, कारण औषध हाती असले तरी निदान उशिरा होई. निळ्या मुलाचे डोके एरवीही दुखते. रक्त दाट असल्यामुळे दुखते. दाट रक्ताची गुठळी होऊन त्याचा हातपायही लुळा पडू शकतो. मग आजचे दुखणे नेहमीचे, की आत पू धरला आहे, हे ओळखावे कसे? मेंदूच्या आवरणाला सूज आली असेल म्हणून पाठीच्या मणक्यातून पाणी काढून पाहावे, तर त्याचाही धोका. ही रीत जर्मनीच्या क्विंके यांनी १८९१ साली काढली आणि तिने असंख्य जीव वाचविले. परंतु आत मोठे गळू असता खालून पाणी काढले तर दाब एकदम उतरून मेंदू खाली सरकतो आणि श्वास थांबू शकतो. कवटी न उघडता आत पाहता येत नव्हते, हीच सारी अडचण होती.

ती दूर केली गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी. ज्या कंपनीत ते नोकरीस होते ती ईएमआय. ग्रामोफोनपुढे बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेल्या 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या तबकड्या आपल्या घरांत नाट्यगीते ऐकवीत असत, त्या छापाची मालकही हीच कंपनी. हाउन्सफील्ड यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. शेतावर वाढलेल्या या माणसाला फिरावयास गेले असता प्रश्न पडला: बंद पेटीतून सर्व बाजूंनी किरण सोडून मोजमापे घेतली, तर पेटी न उघडता आतल्या वस्तूचे चित्र काढता येईल काय? १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळ विंबल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात त्यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र काढले. पुढच्या भागातला दोष त्यात स्पष्ट दिसला. यालाच आपण आज सीटी स्कॅन म्हणतो. १९७९ साली हाउन्सफील्ड यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

मॅकइवेन यांनी विचाराने जे पाहिले ते आता सर्वांनाच डोळ्यांनी दिसू लागले. त्या ग्लासगोच्या बापाला हे चित्र दाखविता आले असते तर त्याने नाही म्हटले असते काय? मेंदूतल्या गळवाच्या नऊ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी एकत्र करून २०१४ साली प्रसिद्ध केल्या. त्या सर्व वयांच्या आणि सर्व कारणांच्या होत्या. पूर्वी शंभरांतले चाळीस दगावत, ते प्रमाण पन्नास वर्षांत दहावर आले, असे त्यांत दिसले. पुढे आलेल्या एमआरआय यंत्राने तर पू आणि गाठ यांतला फरकही सांगता येऊ लागला. टाळू न भरलेल्या तान्ह्या बाळाचा मेंदू सोनोग्राफीनेही पाहता येतो. आणि गळवाभोवती पक्के आवरण धरण्यापूर्वी, नुसती सूज असतानाच ते सापडले, तर कधी कधी कवटीला हात न लावता केवळ कित्येक आठवड्यांच्या औषधांवर मूल बरे होते. लवकर निदानाला किंमत आहे ती यासाठी.

मात्र यंत्र घरी येऊन मुलाचे डोके तपासत नाही. मुलाला यंत्रापर्यंत कोणीतरी न्यावे लागते, आणि येथेच वेळ जातो. वर सांगितलेल्या त्याच नोंदींत आणखी एक गोष्ट आढळली. ताप, डोकेदुखी आणि एखादे अंग लुळे पडणे ही पुस्तकातली तीन लक्षणे एकत्र दिसली ती पाचांतल्या अवघ्या एका रुग्णात. ताप तर निम्म्यांनाच होता. तेव्हा 'ताप नाही ना, मग काळजी नाही' हा घरगुती हिशेब या मुलांच्या बाबतीत चालत नाही.

हृदयाचे जन्मजात दुखणे असलेल्या, विशेषतः ओठ-नखे निळी पडणाऱ्या मुलाचे डोके दोन दिवस सारखे दुखले, पहाटे ओकारी झाली, मूल वेळी-अवेळी पेंगू लागले, चिडखोर झाले, बोलताना अडखळले, एका हाताने पेला नीट धरता येईना, चालताना तोल गेला किंवा आकडी आली, तर ते पित्त किंवा उन्हाचा त्रास समजून घरी ठेवू नये. आकडी आली वा शुद्ध हरपू लागली तर एक तासही दवडू नये. आणि डॉक्टरांपुढे उभे राहताच पहिले वाक्य हे सांगावे: 'मुलाला जन्मापासून हृदयाचा आजार आहे.' रात्रीच्या पाळीवरच्या अनोळखी डॉक्टरला ते ठाऊक नसते. आणि या एका वाक्याने त्याच्या विचाराची दिशा बदलते. काही घरांत असेही होते की, आधी मेंदूतले गळू सापडते आणि मग त्याचा माग काढता काढता हृदयातले भोक. तसेच दातांचे. किडक्या दातांतले जंतू याच वाटेने मेंदूत जातात. फराळाच्या दिवसांत पोरांच्या हातात लाडू आणि चिरोटे असावेतच. पण अशा मुलाने रात्री दात घासल्यावाचून निजू नये, आणि दाताचा दवाखाना गाठल्यावर तेथेही हृदयाचा आजार आधी सांगावा.

यात आम्हा शाळामास्तरांचाही वाटा आहे. कवायतीत कोण मागे राहतो, मधल्या सुट्टीत कोण भिंतीला टेकून उकिडवे बसतो, काल सुरेख असलेले कोणाचे अक्षर आज ओळ सोडून चालले आहे, हे घरच्यांच्याही आधी वर्गात दिसते. शाळांतून आणि अंगणवाड्यांतून मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला, तो आपल्या महाराष्ट्रातच, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघर येथे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांत शोधावयाच्या आजारांच्या त्याच्या यादीत जन्मजात हृदयविकार आहे. तपासणीचे पथक शाळेत येते ते वर्षातून एकदा. मास्तर आणि बाई मुलांना रोज पाहतात. पथक आले की त्या उकिडव्या बसणाऱ्या मुलाला रांगेत पुढे उभे करणे एवढे काम तरी आमच्या हातचे आहे.

फार यांना मूल गेल्यावर समजले. मॅकइवेन यांना मूल असताना समजले, पण त्यांच्यावर विश्वास ठेवण्यास पुरावा नव्हता. आज पुरावा यंत्र देते, औषध दुकानात मिळते, आणि जिल्ह्याच्या गावी सीटी स्कॅन बहुधा असतो. उणीव राहिलीच तर ती एवढीच की, 'याचे डोके आज नेहमीसारखे दुखत नाही' हे ओळखून वेळेवर निघणारे कोणीतरी घरात हवे. ती व्यक्ती बहुधा आई असते, कधी आजी असते, कधी शेजारच्या काकू. तिला शिक्षण किती, हा प्रश्न नाही. थॉमस आणि हाउन्सफील्ड यांनाही तो कोणी फार काळ विचारला नाही.